एदो नगरातील फिकट करडा रंग : सक्ती की रुची?

रंगांचे जे इतिहास आजवर लिहिले गेले, त्यांचे नायक बहुधा लाल, जांभळा आणि निळा हेच आहेत. शिंपल्यांतून निघणाऱ्या जांभळ्यासाठी रोमन सम्राटांनी कायदे केले; निळीच्या पिकापायी बंगाल-बिहारातील शेतकरी नागवला गेला. करड्या रंगासाठी कोणी लढाई केल्याचे ऐकिवात नाही. तो राखेचा, धुराचा, जुन्या धुवट कापडाचा रंग. कोणी मुद्दाम मागावा असा नव्हे, उरावा असा. मराठी भाषेनेही त्याला फारसा मान दिलेला नाही. 'करडी नजर', 'करडी शिस्त', 'करडा आवाज' ह्या प्रयोगांत तो शब्द रंगापेक्षा स्वभावालाच लागतो, आणि तोही बहुधा आम्हां शिक्षकांच्या! कापडाच्या दुकानात त्याची मोठ्यात मोठी स्तुती म्हणजे 'मळखाऊ'. त्याच्या फिकट छटेसाठी मात्र भाषेजवळ एक फार चांगला शब्द आहे, 'पारवा'. कबुतराच्या पिसांवरून आलेला हा शब्द जुन्या पिढीतील स्त्रियांच्या तोंडी सहज असे, आणि 'राखी' व 'पारवा' ह्यांत त्या घोटाळा करीत नसत. आता दोहोंच्या जागी 'ग्रे' एवढे एकच अक्षर उरले आहे.

असे असूनही ज्यांचा रंगांशी रोजचा व्यवहार आहे, त्यांना फिकट करड्यावाचून क्षणभरही चालत नाही. भिंत रंगविणारा, वस्त्र विणणारा, पुस्तकाचे वेष्टन आखणारा, ह्यांच्या रंगपटात तो असतोच. आणि पुष्कळदा सर्वांत अधिक जागा त्यानेच व्यापलेली असते. तो पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, एवढेच. तेव्हा एखाद्या समाजाने ह्या न दिसणाऱ्या रंगाकडे डोळे उघडून पाहिले, त्याला नावे दिली, त्याच्या छटा मोजल्या आणि त्यावर भांडणेही केली, असे कधी घडले आहे काय? घडले आहे, आणि ते जपानात घडले. तोकुगावा शोगुनांच्या राजवटीत, म्हणजे १६०३ पासून १८६८ पर्यंत, त्यांची राजधानी असलेल्या एदो नगरात, आजच्या टोकियोत, करडा रंग हा नागर जनांचा रंग होऊन बसला. 'अठ्ठेचाळीस चहा आणि शंभर उंदीर' अशा अर्थाचा एक शब्दप्रयोग जपानी भाषेत आहे. चहा म्हणजे तपकिरी छटा, उंदीर म्हणजे करड्या. हे आकडे मोजून घेतलेले नव्हेत. आपण 'छप्पन्न' किंवा 'शंभर' म्हणतो तसेच ते आहेत. प्रत्यक्ष नावे दोन्हींकडे ह्याहून अधिक भरतात.

ह्या शंभर उंदरांचे कारण सामान्यतः एका वाक्यात सांगण्यात येते : सरकारने व्यापाऱ्यांना व कारागिरांना भडक रंग वापरण्याची बंदी केली, म्हणून त्यांनी उरलेल्या रंगांतच आपली हौस भागवून घेतली. हे कारण खोटे नाही, पण ते पुरेसेही नाही. ते का पुरत नाही हे पाहणे हाच ह्या लेखाचा हेतू आहे. आणि त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

एदोपूर्वी सहा-सातशे वर्षे, हेइआन काळात, करडा हा प्रथमतः शोकाचा रंग होता. त्याला 'निबिइरो', म्हणजे निस्तेज किंवा बोथट रंग, म्हणत. अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबु ह्या राजस्त्रीने रचलेल्या 'गेंजी मोनोगातारी' ह्या प्रचंड कादंबरीत ह्या रंगाची वस्त्रे पुनःपुन्हा येतात. तेथे करड्याची गडद-फिकट पातळी ही नात्यावर ठरे. तत्कालीन विधिनियमांप्रमाणे पत्नीने पतीचे सुतक वर्षभर पाळावयाचे, पतीने पत्नीचे तीन महिने. म्हणून पतीच्या अंगावरील करडा फिकट, पत्नीच्या अंगावरचा गडद. नायक गेंजी आपल्या पत्नीसाठी असा फिकट करडा पोशाख करतो, आणि आपण आधी गेलो असतो तर हिने किती गडद वस्त्र नेसले असते, हा विचार त्याच्या मनात डोकावतो. दुःख तेवढेच किंवा अधिक, पण रंग मात्र नियमाने फिकट : ही विसंगती लेखिकेने ज्या हळुवारपणे टिपली आहे ती पाहिली, म्हणजे करड्याच्या छटा ओळखणारा डोळा त्या समाजात केव्हाच तयार झालेला होता हे पटते. पुढे कित्येक शतकांनी व्यापाऱ्यांच्या गल्ल्यांत ज्या छटांची चर्चा होणार होती, त्यांची बाराखडी राजवाड्यात आधीच गिरविली गेली होती.

त्याच काळातील दुसरी गोष्ट कागदाची आहे. क्योतोच्या राजदरबाराची स्वतःची कागदशाळा होती. तिला 'कामिया-इन' म्हणत. तेथे एकदा लिहून झालेला कागद भिजवून, कुटून, त्याचा पुन्हा कागद करीत. जुनी शाई पुरती निघून जात नसे, आणि म्हणून नवा कागद अंगचाच फिका करडा उतरे. त्याला 'फिकट शाईचा कागद' असेच नाव पडले. काटकसरीपोटी जन्मलेला हा कागद पुढे एवढा प्रतिष्ठित झाला, की सम्राटाच्या नावाने त्याचे चिटणीस जी आज्ञापत्रे काढीत ती ह्याच कागदावर लिहिली जाऊ लागली. नवव्या शतकातील राजबखरीत ह्या कागदासंबंधी एक हकीकत नमूद आहे. सम्राट सेइवा निवर्तल्यावर त्याच्या राण्यांपैकी फुजिवारा नो तामिको हिने त्याची जपून ठेवलेली पत्रे एकत्र केली, त्यांचा पुन्हा कागद करविला आणि त्यावर सद्धर्मपुंडरीक सूत्राची प्रत लिहविली. त्या कागदाच्या करडेपणात कोणाचे अक्षर विरघळले आहे, हे तिला ठाऊक होते. फिकट करडा म्हणजे रंगाचा अभाव, असे म्हणणाऱ्याने ह्या एका कागदाचा विचार करावा.

पुढील शतकांत चीनमधून आलेली शाईची चित्रकला झेन मठांतून रुजली. एकाच शाईतून पाण्याच्या कमीअधिक प्रमाणाने पाच पातळ्या काढाव्यात, असा चिनी चित्रकारांचा जुना दंडक होता. त्या पाचांतील सर्वांत हलकी पातळी म्हणजे जवळजवळ पाणीच; कागदावर ती आहे की नाही असा संभ्रम पडावा. सेश्शूसारख्या पंधराव्या शतकातील चित्रकाराने ह्या हलक्या पातळीने डोंगर, धुके आणि हिवाळ्याचे आकाश उभे केले.

ह्या परंपरेचा वारसा चहाचा आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) ह्याच्याकडे आला. त्याचा स्वामी तोयोतोमी हिदेयोशी ह्याने १५८६ साली राजवाड्यात सोन्याने मढविलेली, उचलून नेता येईल अशी चहाची खोली मांडून सम्राटास चहा दिला. आणि त्याच सुमाराच्या रिक्यूच्या म्हणून सांगितल्या जाणाऱ्या यामाझाकी येथील चहागृहात अवघी दोन चटयांची जागा, धुरकट मातीच्या भिंती व त्यांतून दिसणारे गवताचे काड असा थाट आहे. चहाला बसणाऱ्याने शाईच्या रंगात बुडविलेले साधे पण नवे सुती वस्त्र ल्यावे, असा त्याचा कटाक्ष होता, अशी आठवण पुढच्या पिढीतील एका ग्रंथात आढळते. १५९१ मध्ये हिदेयोशीच्या आज्ञेने त्याला आत्महत्या करावी लागली. मृत्यूनंतर त्याच्या नावाला जे वलय आले, त्याचा लाभ रंगाऱ्यांनीही घेतला. किंचित हिरवट झाक असलेल्या करड्याला एदो काळात 'रिक्यू-नेझुमी', रिक्यूचा उंदीर, असे नाव मिळाले. ह्या आचार्याने तो शब्द स्वतः कधी उच्चारला असेल असे मानण्यास आधार नाही. चहाच्या भुकटीचा हिरवेपणा आणि त्याच्या नावाची पुण्याई ह्यांची सांगड विक्रेत्यांनी घातली. आपल्याकडे पेशव्यांच्या किंवा शिंद्यांच्या नावावर पगड्या, जोडे आणि मिठाया खपतात, त्यातलाच हा प्रकार.

आता एदोकडे वळू. अठराव्या शतकात ह्या नगराची वस्ती दहा लक्षांच्या घरात गेली होती. शोगुनच्या राज्यव्यवस्थेत सामुराई वर, व्यापारी सर्वांत खाली. पण पैसा मात्र खालून वर नव्हे, वरून खाली वाहू लागला होता. सामुराईंचे उत्पन्न तांदळात ठरलेले, आणि तो तांदूळ विकून देणारा, त्यावर कर्ज देणारा व्यापारी दिवसेंदिवस गबर होत चाललेला. दर्जा आणि द्रव्य ह्यांची अशी फारकत झाली, म्हणजे राज्यकर्त्यांचे लक्ष प्रथम प्रजेच्या कपड्यांकडे जाते. १६८१ साली शोगुन त्सुनायोशी ह्याची स्वारी जात असता त्याने एका स्त्रीचा परिवारासह झगमगाट पाहिला. ती कोणा सरदाराची पत्नी असावी असे त्याला वाटले. चौकशीअंती ती इशिकावा रोकुबेई नावाच्या व्यापाऱ्याची बायको निघाली. नवराबायकोची मालमत्ता जप्त होऊन त्यांना नगराबाहेर घालविण्यात आले. दोनच वर्षांनी, १६८३ मध्ये, स्त्रियांच्या वस्त्रांतील जरीकाम, भरतकाम आणि संपूर्ण अंगभर केलेले बांधणीकाम ह्यांवर बंदी आली. असे हुकूम पुढे दीडशे वर्षे निघत राहिले. मात्सुदाइरा सादानोबु ह्याच्या कानसेई सुधारणा (१७८७–१७९३) आणि मिझुनो तादाकुनी ह्याच्या तेम्पो सुधारणा (१८४१–१८४३) ह्यांत त्यांची धार विशेष तीव्र झाली. करडईच्या फुलांचा लाल आणि मुरासाकीच्या मुळांचा जांभळा हे महाग रंग सामान्यांना वर्ज्य. तपकिरी, करडा आणि निळा हे वापरण्यास कोणाची हरकत नाही, असा ह्या सर्वांचा एकूण परिणाम होता.

करड्याला 'उंदीर' हे नाव का पडले, ह्याचेही एक स्पष्टीकरण जपानी रंगकोशांत दिलेले असते. ह्या रंगाला 'हाई', म्हणजे राख, असे नाव होतेच. पण एदो हे लाकडाचे आणि कागदाचे शहर. १६५७ च्या आगीत नगराचा बहुतेक भाग खाक झाला. किल्ल्याचा मुख्य बुरूजही जळाला आणि तो पुन्हा कधी बांधला गेला नाही. ज्या गावात आगीची घंटा ऐकल्यावाचून हिवाळा जात नाही, तेथे अंगावर राख मिरविणे अशुभ वाटावे ह्यात नवल नाही. म्हणून राख गेली आणि उंदीर आला. आपणही दिवा 'विझविला' न म्हणता 'निरोप दिला' म्हणतो, हे येथे आठवावे.

उंदीर एकदा दारात आला, म्हणजे तो एकटा राहत नाही! सर्वांत फिकट तो 'पांढरा उंदीर', शाईच्या पाच पातळ्यांतील शेवटची, निर्मळ पातळी. त्याच्या खालोखाल 'रुपेरी उंदीर'. मग गुलाबी झाक असलेला 'साकुरा-नेझुमी', लालसर 'उमे-नेझुमी', जांभळट 'फुजी-नेझुमी', हिरवट 'यानागी-नेझुमी', म्हणजे वाळुंजाच्या पानाचा. शिवाय निळीचा, द्राक्षाचा, चहाचा. काहींना गावांची व पाण्याची नावे मिळाली : ओसाकाच्या जुन्या नावावरून नानिवा, क्योतोच्या नदीवरून कामोगावा, बंदरावरून मिनातो. फुकागावा ही एदोतील सुमिदा नदीपलीकडील लाकडाच्या वखारींची वस्ती. तेथील गणिका साध्या पेहरावासाठी व फटकळ बोलण्यासाठी प्रसिद्ध होत्या. पाण्याची झाक असलेल्या एका फिकट करड्याला त्या वस्तीचे नाव आहे. तपकिरी रंगांची नावे पाहावीत तर ती बहुधा काबुकी नटांची आहेत. चहा रंगभूमीकडे गेला आणि उंदीर गल्लीबोळांकडे, असे गमतीने म्हणता येईल.

ह्या नावांत वर्णन थोडे आणि संकेत फार आहे. साकुरा-नेझुमीतील गुलाबीपणा एवढा पुसट की नाव सांगितल्यावाचून तो दिसणार नाही. पण नाव एकदा सांगितले, की तो न दिसणे अशक्य होते. रंगपट हा प्रथम भाषेत तयार होतो व मग कापडावर उतरतो, हे आमचे म्हणणे एदोच्या रंगाऱ्यांनी आम्हांपेक्षा चांगले ओळखले होते. कापडांचे नमुने दाखविणारी छापील पुस्तके १६६० नंतर तेथे निघू लागली होती. नवे नाव म्हणजे नवा माल, हे दुकानदारांना कळून चुकले होते.

डोळ्याच्या बाजूनेही ह्याला आधार आहे, आणि तो पुढे एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दिला. पॅरिसच्या गोब्लँ ह्या राजकीय विणकामशाळेत शेव्ह्रल हा १८२४ पासून रंगखात्याचा प्रमुख होता. काळा धागा फिका दिसतो, अशा तक्रारी तपासताना त्याला आढळले की दोष धाग्यात नसून शेजारच्या रंगात आहे. १८३९ च्या ग्रंथात त्याने मांडलेला नियम असा, की दोन रंग जवळ आले म्हणजे प्रत्येक दुसऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाची झाक देतो. करडा ह्या बाबतीत फार हळवा. लालाशेजारी तो हिरवट, निळ्याशेजारी नारिंगी, पिवळ्याशेजारी जांभळट भासतो. म्हणजे फिकट करडा हा शेजारधर्म पाळणारा रंग. स्वतः मागे राहून तो शेजाऱ्याला उठाव देतो. कमरपट्टा लाल असला की तोच अंगरखा वेगळा दिसावा, हे शेव्ह्रलचे गणित न शिकताही एदोतील स्त्री जाणत होती.

ह्या छटा निघत कशा, हेही पाहण्यासारखे आहे, कारण येथे आपला आणि त्यांचा संसार अगदी जवळ येतो. तुरट द्रव्य आणि लोखंड ह्यांचा संयोग झाला की काळा रंग उतरतो. द्रावण पातळ केले की करडा. जपानात तुरट द्रव्य झाडांवरील गाठींपासून, ओकच्या फळांपासून किंवा सालींपासून काढीत, आणि लोखंडाचे पाणी गंजलेले लोखंड आंबवून करीत. आपल्या रंगाऱ्यांचा हिरडा आणि हिराकस ह्यांचा जोड तो हाच. मछलीपट्टणचे कलमकारी काम करणारे आजही लोखंडाचे तुकडे गुळाच्या पाण्यात आंबवून काळी रेघ काढतात. एवढेच नव्हे, तर जपानी विवाहित स्त्रिया ज्या द्रवाने दात काळे करीत, त्यातही हेच लोखंडाचे पाणी व हीच गाठींची पूड असे. आणि आमच्या पणज्यांच्या दातवणातही हिराकस होताच. घराघरांतून असलेल्या वस्तूंनी रंग निघतो म्हणून करडा स्वस्त, हे खरे. परंतु येथे एक भेद करावयास हवा. गडद करडा काढणे सोपे. फिकट करडा सर्वत्र सारखा उतरविणे हे कसबाचे काम. लोखंड कापडावर चटकन बसते व डाग पाडते. गडद रंगात हा दोष लपतो, फिकटात तो उघडा पडतो. शिवाय लोखंडाची मात्रा अधिक झाली, की कालांतराने तंतू कुजतो. जुन्या छिटांतील काळ्या रेघांच्या जागी कापड गळून गेलेले ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे सांगावे लागणार नाही. तेव्हा 'पांढरा उंदीर' अंगावर घालणारा मनुष्य गरीब नव्हता. त्याने पैसा रंगावर न खर्चता हातावर खर्चला होता.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कायद्याने करडा दिला, हे मान्य. पण कायदे पाळले किती जात होते? 'तीन दिवसांचा कायदा' अशी म्हण जपानीतच आहे. एकच हुकूम दर पिढीस पुन्हा काढावा लागतो, ह्याचा अर्थ तो मोडला जात होता, असाच इतिहासकाराने लावला पाहिजे. ज्यांना मोडावयाचा होता ते तो अस्तरात मोडीत : वरून साधा करडा अंगरखा, आत चित्रे काढलेले रेशमी अस्तर. ह्या प्रथेला 'वरच्याहून आतले सरस' अशा अर्थाचे नाव आहे. मग मोडण्याचे एवढे मार्ग असताना करडा शंभर छटांपर्यंत का वाढला? भीतीने मनुष्य एक करडा घालील. शंभर छटा भीतीतून निघत नाहीत.

ह्या बाबतीत आम्हांला सर्वांत बोलका पुरावा वाटतो तो सामुराईंच्या वस्त्रांचा, कारण त्यांच्यावर ह्या बंदीचा रोख नव्हता. त्यांच्या दरबारी पोशाखावर 'कोमोन', म्हणजे सूक्ष्म नक्षी, छापलेली असे. ह्या नक्षीसाठी लागणारे कागदी साचे इसे प्रांतातील शिरोको आणि जिके ह्या गावी कापले जात. कागद हिरव्या तेंदूसारख्या तुरट फळाच्या रसाने पक्का करावयाचा आणि त्यावर बारीक टोच्याने बोटाच्या पेराएवढ्या जागेत शेकडो छिद्रे पाडावयाची. साच्यातून तांदळाची खळ कापडावर उमटवून मग कापड रंगविले, की गडद भुईवर पांढरे ठिपके राहतात. प्रत्येक सरदारघराण्याची नक्षी ठरलेली. कीशूच्या तोकुगावांची मुशीच्या कातडीसारखी होती. मौज अशी, की हे कापड चार हातांवरून पाहिले तर त्यावर काहीच दिसत नाही. काळे आणि पांढरे डोळ्यातच मिसळतात आणि एकसंध फिकट करडा तेवढा भासतो. जवळ जाणाऱ्यालाच नक्षी कळावी. आणि सरदाराजवळ जाण्याचा अधिकार कितीकांना असणार? हाच करडा मग व्यापाऱ्यांनी उचलला आणि त्यात आपला खट्याळपणा घातला. मुळा आणि किसणी, खेळणी, घरातील हत्यारे अशा नक्ष्या त्यांनी काढविल्या. दुरून पाहणाऱ्या शिपायाला आज्ञाधारक प्रजाजन दिसे. शेजारी बसणाऱ्याला किसणी दिसे.

चित्रांच्या बाजारातही असेच घडले. १७६५ पासून एदोत बहुरंगी ठशांची चित्रे छापली जाऊ लागली. तो रंगांचा उत्सवच होता. त्यानंतर सुमारे वीस वर्षांनी अशी चित्रे निघू लागली की ज्यांत लाल मुळीच नाही. शाईचे करडे, थोडा पिवळा, थोडा जांभळा, क्वचित हिरवा. त्यांना 'बेनिगिराइ-ए', लालाचा तिटकारा असलेली चित्रे, म्हणतात. कुबो शुनमान ह्या चित्रकाराची 'सहा तामा नद्या' ही सहा पत्रांची मालिका, सुमारे १७८७ ची, ह्या प्रकारातील सर्वांत सुंदर मानली जाते. सहाही पत्रांतून करडी संध्याकाळ पसरलेली आहे, आणि माणसांच्या अंगावर तेवढा रंगाचा पुसट स्पर्श आहे. ही चित्रे सादानोबुच्या हुकुमांमुळे निघाली असे पुष्कळ दिवस सांगण्यात येई. पण हा प्रकार त्या हुकुमांचा अंमल बसण्याच्या आधीपासूनच रूढ होऊ लागला होता. शिवाय त्याच प्रकारात गेंजीची चित्रे काढणारा एइशी हा स्वतः सामुराई घराण्यातील होता. बंदी आली तेव्हा रुची तेथे आधीच जाऊन बसलेली होती. कायद्याने दार लावले, पण ज्या खोलीत लोक कोंडले गेले ती त्यांच्या आवडीची होती, असे म्हटले तर ते सत्याच्या अधिक जवळ जाईल.

ह्या आवडीला एदोकरांनी 'इकी' हे नाव दिले होते. १९२१ ते १९२९ ह्या काळात युरोपात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून परतलेल्या कुकी शूझो ह्याने १९३० साली ह्या एका शब्दावर एक छोटेखानी ग्रंथ लिहिला. त्याच्या मते इकीत तीन घटक असतात : प्रीतीचा आकर्षक खेळ, ताठ मानेचा बाणा आणि सर्व पाहून झाल्यावर येणारी अलिप्तता. आणि इकीचे रंगही तीनच : करडा, तपकिरी व निळा. कुकीचे विवेचन फार रसिक आहे, पण आमच्या मते त्यात अलिप्ततेला तिच्या वाट्याहून अधिक जागा मिळाली आहे. फुकागावाचा करडा विकत घेणारी स्त्री विरक्त नव्हती; शेजारणीजवळ नसलेली छटा तिला हवी होती. तत्त्वज्ञ परदेशात बसून आपल्या गावाची आठवण काढतो, तेव्हा बाजारातील गलका त्याला ऐकू येत नाही.

पश्चिमेकडे ह्या करड्याचा सुगावा चित्रांच्या मार्गाने लागला. जपानी ठसेचित्रे जमविणारा अमेरिकन चित्रकार व्हिस्लर ह्याने १८७१ मध्ये आपल्या आईचे चित्र काढून त्यास 'करड्या व काळ्याची रचना' असे नाव दिले. आईच्या चित्राला रंगांचे नाव देणे हा त्या काळी उद्धटपणा वाटला. वीस वर्षांनी, १८९१ मध्ये, फ्रेंच सरकारने तेच चित्र विकत घेतले. १८८४ च्या प्रदर्शनात तर त्याने दालनाच्या सजावटीलाच मांसल गुलाबी व करडा ह्यांची रचना म्हटले. चित्रांमागे फिकट करडी भिंत असावी, हा आज सर्वत्र रूढ झालेला संकेत घडविण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

जपानात मेइजी राजवटीनंतर रासायनिक रंग आले, बंदी संपली, आणि उंदरांची नावे हळूहळू कोशांत जाऊन बसली. त्यांतील एका नावाला मात्र कवीने वाचविले. १९१३ साली किताहारा हाकुशू ह्याने जोगाशिमा बेटावरील पावसाचे गीत लिहिले आणि त्या पावसाला रिक्यू-नेझुमीचा रंग दिला. गीत घरोघर गेले आणि त्याबरोबर तो शब्दही. पुढे १९७० नंतरच्या दशकात वास्तुशिल्पी कुरोकावा किशो ह्याने त्याच रंगावर आपल्या वास्तुविचाराची उभारणी केली : आत आणि बाहेर, ऊन आणि सावली ह्यांच्या मधल्या, कोणत्याच बाजूचा नसलेल्या जागेचा तो रंग. सूक्ष्म नक्षी छापणारे कारागीरही थोडे उरले होते. त्यांपैकी कोमिया कोसुके ह्यांना १९५५ साली जपान सरकारने राष्ट्रीय ठेव्याचे धारक म्हणून मान्यता दिली, आणि त्या प्रसंगी त्यांच्या कलेला 'एदो-कोमोन' हे वेगळे नाव मिळाले.

हेइआन काळचा शोकाचा करडा कपड्यांतून केव्हाच गेला. मधल्या शतकांत सुतकाला पांढरा आला, मेइजीनंतर युरोपीय रीतीने काळा आला. पण जपानात आजही कोणाकडे अंत्यविधीसाठी जाताना पैशाचे पाकीट नेतात, त्यावर आपले नाव गडद शाईने लिहीत नाहीत. अश्रूंनी शाई पातळ झाली, किंवा दुःखाच्या घाईत ती पुरेशी उगाळता आली नाही, असा त्याचा अर्थ सांगतात. त्यासाठी मुद्दाम फिकट करड्या शाईची कुंचली-लेखणी तेथील साध्या दुकानांतूनही मिळते. आणि घेणारा ती नेहमीच्या काळ्या लेखणीपासून वेगळी ओळखून घेतो.